सेल्मन वॅक्समन: मातीतलं औषध आणि मातीतलाच रेझिस्टन्स

टीबीचं निदान झालं की घरची मंडळी दोन प्रश्न हमखास विचारतात. एकदम इतकी औषधं कशाला? आणि ताप गेला, वजन वाढलं, तरी महिनोन्महिने का? उत्तरासाठी सेल्मन वॅक्समन यांची ओळख करून घ्या. ते डॉक्टर नव्हते, मातीचे अभ्यासक होते.

जन्म १८८८ चा, आजच्या युक्रेनमधल्या एका लहान गावातला. धाकटी बहीण घटसर्पाने गेली. १९१० मध्ये ते अमेरिकेला गेले, न्यू जर्सीत नातेवाइकांच्या शेतावर राहिले आणि रटगर्स कॉलेजात शेतकी शिकले. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो, तो ज्या जिवाणूंमुळे येतो, त्यांच्याच अभ्यासात त्यांनी आयुष्य घातलं. मातीतले जिवाणू एकमेकांना मारणारी रसायनं बनवतात, ती माणसाला वापरता येतील का, हा त्यांचा शोध. ‘अँटिबायोटिक’ हा शब्द आजच्या अर्थाने त्यांनीच रूढ केला.

सुरुवातीला हाती आलेली औषधं जंतूंबरोबर रुग्णालाही विषारी ठरणारी होती. १९४३ मध्ये त्यांचा विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ याला तळघरातल्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. ते टीबीवर चाललं. पुढे श्रेयावरून कोर्टकचेरी झाली, शॅट्झला सहसंशोधक मानलं गेलं, पण १९५२ चं नोबेल एकट्या वॅक्समन यांना मिळालं. मला ते आजही खटकतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. ब्रिटनमध्ये १९४७ च्या सुमारास फुप्फुसाच्या टीबीच्या ५५ रुग्णांना स्ट्रेप्टोमायसिन दिलं, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ मृत्यू, दुसऱ्यात १४. सगळे हरखले. पाच वर्षांनी मोजलं तेव्हा आकडे होते ३२ आणि ३५. फायदा जवळजवळ पुसला गेला होता, कारण बहुतेकांच्या जंतूंवर औषध चालेनासं झालं होतं.

असं का? फुप्फुसात कोट्यवधी जंतू असतात. त्यातल्या काहींमध्ये आपोआप झालेल्या बदलामुळे एखादं औषध आधीपासूनच लागू पडत नसतं. बाकीचे मरतात, हे उरतात आणि वाढतात. पण एकच जंतू एका वेळी दोन-तीन औषधांना दाद देत नाही, असं फार क्वचित घडतं. म्हणून पास नावाचं दुसरं औषध जोडल्यावर, १९५० पर्यंत, रेझिस्टन्स एकदम कमी झाला. तुमच्या हातातल्या गोळ्यांची संख्या तिथून आली. आणि बरं वाटू लागल्यावरही काही जंतू सुस्त पडून असतात. त्यांना संपवायला महिने लागतात.

टीबीच्या जंतूचा रेझिस्टन्स त्याच्या स्वतःतल्या बदलातून येतो. इतर अनेक जंतूंचं तसं नाही. स्ट्रेप्टोमायसिन बनवणारा मातीतला जिवाणू स्वतःच्या विषाने मरत नाही, कारण त्या विषाला बोथट करणारं एन्झाइम त्याच्याकडे असतं. १९७३ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की हॉस्पिटलमधल्या रेझिस्टंट जंतूंकडेही मातीतल्या या जिवाणूंसारखीच एन्झाइम आहेत. जंतू अशी जनुकं एकमेकांना देऊ शकतात. पुढे कॅनडातल्या ३०,००० वर्षं गोठलेल्या मातीतही रेझिस्टन्सची जनुकं सापडली, म्हणजे आपलं पहिलं अँटिबायोटिक येण्याच्या कितीतरी आधीची.

वॅक्समन त्याच १९७३ च्या ऑगस्टमध्ये वारले.