पाण्याचा रिपोर्ट वाचायला शिकवणाऱ्या एलेन रिचर्ड्स

घरात लागोपाठ दोघांना टायफॉइड किंवा कावीळ झाली की काही नातेवाईक रक्ताच्या रिपोर्टसोबत विहिरीच्या किंवा बोअरवेलच्या पाण्याचा रिपोर्टही दाखवायला आणतात. त्यात क्लोराइड, नायट्रेट, अमोनिया अशी नावे असतात, पुढे आकडा आणि त्यापुढे मर्यादा. हमखास विचारला जाणारा प्रश्न असा, की क्लोराइड म्हणजे पाण्यात टाकतात ते क्लोरीनच का? तसे नाही. क्लोरीन आपण जंतू मारण्यासाठी मुद्दाम घालतो. क्लोराइड हा मिठाचा घटक आहे आणि तो पाण्यात आधीपासूनच असतो. मग तो मोजायचा कशासाठी? याचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या कामात सापडते. त्यांचे नाव एलेन स्वॉलो रिचर्ड्स.

शिक्षणासाठीची धडपड

एलेन यांचा जन्म ३ डिसेंबर १८४२ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या डन्स्टेबल या गावी झाला. आईवडिलांची ती एकुलती एक मुलगी. शिकवण्या आणि मिळतील ती कामे करून त्यांनी पैसे साठवले आणि वयाच्या पंचविशीत, १८६८ मध्ये, व्हॅसार या मुलींच्या कॉलेजात प्रवेश घेतला. दोन वर्षांत पदवी मिळाली. पुढे रसायनशास्त्र शिकायचे तर बॉस्टनमधील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे आजची एमआयटी, हे ठिकाण होते. पण तिथे तोवर एकही स्त्री शिकली नव्हती.

संस्थेने त्यांना खास विद्यार्थिनी म्हणून घेतले आणि फी माफ केली. आपली परिस्थिती बेताची म्हणून ही सवलत मिळाली, असे त्यांना वाटले. खरे कारण नंतर कळले. कोणी आक्षेप घेतलाच, तर ही आमची विद्यार्थिनी नाही, असे सांगण्याची सोय संस्थेने करून ठेवली होती. १८७३ मध्ये त्यांनी तिथली पदवी मिळवली. डॉक्टरेट मात्र एमआयटीने त्यांना करू दिली नाही. १८७५ मध्ये त्यांचे लग्न तिथलेच खाणकामशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी झाले. पुढच्या वर्षी स्त्रियांसाठी वेगळी प्रयोगशाळा सुरू झाली. तिथे एलेन यांनी वर्षानुवर्षे बिनपगारी शिकवले. १८८४ पासून त्या स्वच्छताविषयक रसायनशास्त्राच्या शिक्षिका झाल्या आणि अखेरपर्यंत त्याच पदावर राहिल्या.

कायदा झाला, पण मोजायचे कसे?

त्या काळी मॅसॅच्युसेट्समध्ये कापडगिरण्यांची शहरे झपाट्याने वाढत होती. एका शहराचे सांडपाणी नदीत जाई आणि खालच्या अंगाचे शहर तेच पाणी पिई. टायफॉइडने दरवर्षी माणसे जात. १८८६ मध्ये राज्याने नद्या-तलावांच्या शुद्धतेसाठी कायदा केला आणि त्यांवर देखरेख ठेवण्याचे काम राज्याच्या आरोग्य मंडळाकडे दिले.

कायद्याने अधिकार मिळाला, पण पाणी दूषित आहे हे ठरवायचे कशावरून? टायफॉइडचा जंतू नुकताच ओळखला गेला होता. पाण्यातले जंतू शोधण्याच्या पद्धती बाल्यावस्थेत होत्या. मंडळाने १८८७ मध्ये राज्यभरच्या पाण्याची तपासणी हाती घेतली. एमआयटीचे प्राध्यापक थॉमस ड्राउन प्रमुख होते आणि प्रयोगशाळेची रोजची जबाबदारी एलेन यांच्यावर होती. नद्या, तलाव आणि विहिरींमधून दर महिन्याला बाटल्या येत. दोन वर्षांत हजारो नमुने तपासले गेले. प्रत्येकाची नोंद झाली.

क्लोराइड काय सांगते?

आपण खाल्लेले मीठ मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. म्हणून सांडपाण्यात क्लोराइड जास्त असते. मातीतून झिरपताना सांडपाण्यातली घाण कुजते आणि तिचे रूप बदलते. अमोनियाचे नायट्राइट होते, नायट्राइटचे नायट्रेट. क्लोराइड मात्र जसेच्या तसे राहते. म्हणजे अमोनिया ताज्या घाणीकडे बोट दाखवतो, नायट्रेट जुन्या घाणीकडे आणि क्लोराइड या पाण्याचा माणसांच्या वस्तीशी कधीतरी संबंध आला होता, एवढे सांगते.

यात एक अडचण होती. समुद्राजवळच्या स्वच्छ तलावातही क्लोराइड असते, कारण खारा वारा आणि पाऊस ते आत आणतात. तेव्हा नुसत्या आकड्यावरून दोषी ठरवता येत नव्हते. या तपासणीतून त्यावर उपाय निघाला. वस्तीपासून दूर असलेल्या स्वच्छ पाण्यातले क्लोराइड नकाशावर मांडल्यावर दिसले, की किनाऱ्यालगत ते जास्त असते आणि आत जावे तसे एका क्रमाने कमी होत जाते. सारखा आकडा असलेली ठिकाणे रेषांनी जोडून नैसर्गिक क्लोराइडचा नकाशा तयार झाला. आता कुठल्याही गावचा नमुना आला की तिथल्या मूळ आकड्यापेक्षा तो किती वर आहे, हे पाहता येऊ लागले. पाणलोटात जितकी वस्ती दाट, तितका तो वरचा आकडा मोठा.

आम्ही डॉक्टरही असेच करतो. समजा एखाद्या सडपातळ आजीबाईंचे क्रिएटिनिन वर्षानुवर्षे ०.६ होते आणि आज १.१ आले. लॅबच्या कागदावर ते मर्यादेत दिसेल, पण आम्ही सावध होतो. त्यांचा मूळ आकडा माहीत असेल तरच हे लक्षात येते.

मोजणीपासून नियमांपर्यंत

या सर्वेक्षणातून मॅसॅच्युसेट्समध्ये पाण्याच्या गुणवत्तेचे निकष आकाराला आले. अमेरिकेतील राज्य पातळीवरचे ते पहिले निकष मानले जातात. याच सुमारास मंडळाने लॉरेन्स शहरात पाणी आणि सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग सुरू केले. लॉरेन्स मेरिमॅक नदीचे पाणी पिई आणि वरच्या अंगाच्या लोवेल शहराचे सांडपाणी त्याच नदीत जाई. १८९०-९१ मध्ये दोन्ही शहरांत टायफॉइडची मोठी साथ आली. १८९३ मध्ये लॉरेन्सला वाळूचा गाळणी प्रकल्प सुरू झाला आणि टायफॉइडचे मृत्यू ठळकपणे घटले.

एलेन यांचे निधन ३० मार्च १९११ रोजी हृदयविकाराने झाले. आधीच्याच वर्षी स्मिथ कॉलेजने त्यांना मानद डॉक्टरेट दिली होती. अमेरिकेच्या केंद्र सरकारने पिण्याच्या पाण्यातील जंतूंचे पहिले निकष १९१४ मध्ये ठरवले. तेही फक्त एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या गाड्या-बोटींवरच्या प्रवाशांच्या पाण्यापुरते. सर्व सार्वजनिक पाणीपुरवठ्याला लागू होणारा केंद्रीय कायदा यायला १९७४ साल उजाडले.

तुमच्या हातातला रिपोर्ट

आपल्याकडे पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १०५०० हे मानक आहे. रिपोर्ट पाहताना एवढे लक्षात ठेवा:

• क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालते. किनाऱ्याजवळ किंवा खारपट जमिनीत हा आकडा नैसर्गिकरीत्याही जास्त असतो. पण तुमच्याच विहिरीचा आकडा पूर्वीपेक्षा वाढला असेल, तर जवळ शोषखड्डा, संडासाची टाकी किंवा गटार आहे का ते पाहा.
• नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर ते पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात वापरू नका. त्यामुळे बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटू शकते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.
• ई. कोलाय हा जंतू १०० मिलिलिटर पाण्यात अजिबात आढळता कामा नये. आढळला तर क्लोराइड-नायट्रेट कितीही चांगले असले तरी ते पाणी तसेच पिऊ नका. निदान खळखळून उकळून घ्या.
• विहीर किंवा बोअरवेल असेल तर पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून घ्या आणि जुने रिपोर्ट टाकून देऊ नका.

पुढच्या वेळी दवाखान्यात येताना पाण्याचा जुना रिपोर्ट असेल तर तोही सोबत आणा. दोन्ही शेजारी ठेवले की काय बदलले ते कळते.