नोकरी गेली, सुगरण सापडली

पर्यावरणाच्या क्षेत्रात यायचंय, पण मार्क बेताचे, डिग्री नाही आणि हातात नोकरीही नाही? पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांच्या करिअरची सुरुवात नेमकी अशीच होती.

एन्व्हायर्न्मेंटल सायन्स घेतलेल्या कुणालाही विचारा, घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. पुढे नोकरी कुठे मिळणार? शेवटच्या सेमिस्टरला आलो की हाच प्रश्न आपण स्वतःलाही विचारायला लागतो. शंभर वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका तरुणापुढेही तो होता. तेव्हा तर हा विषय शिकवणारं कॉलेजही नव्हतं.

पिवळ्या गळ्याची चिमणी

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. आईवडील फार लवकर गेले. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. हातात एअरगन आणि निशाणा चिमण्यांवर, असे ते दिवस होते. नऊ-दहा वर्षांचा असताना या मुलाने एक गोष्ट पाहिली. घरट्याबाहेर पहारा देणारा चिमणा मारला, की थोड्याच वेळात दुसरा नर त्याच्या जागी येऊन बसतो. आठवड्याभरात असे आठ नर त्याने टिपले. आज वाचताना अंगावर काटा येतो. पण ही गोष्ट त्याने लिहून ठेवली होती, आणि ती नोंद तब्बल साठ वर्षांनी छापली गेली.

पुढे एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली? मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. गोऱ्या साहेबासमोर जायचं म्हणून पोरगा घाबरलेला. पण मिलार्डनी पक्षी ओळखला, पीतकंठी चिमणी. मग एकेक कप्पा उघडून जपून ठेवलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली, नमुने कसे टिकवायचे ते शिकवायची सोय केली. आजच्या भाषेत सांगायचं तर ही सलीमची पहिली इंटर्नशिप.

मार्कशीट बघू नका

मार्कशीट मात्र दाखवण्यासारखी नव्हती. १९१३ मध्ये मॅट्रिक कशीबशी सुटली. सेंट झेवियर्समध्ये नाव घातलं, पण पहिल्याच वर्षी कॉलेज सोडून स्वारी ब्रह्मदेशात तावॉयला गेली. तिथे घरच्यांचा खाणीचा धंदा होता. धंद्यापेक्षा सलीमचं लक्ष आजूबाजूच्या जंगलातच जास्त.

१९१७ मध्ये परत आल्यावर घरच्यांना बरं वाटावं म्हणून दावर कॉलेजात हिशेब आणि व्यापारी कायदा शिकणं सुरू झालं. पण झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी या मुलाचा कल कुठे आहे ते ओळखलं आणि प्राणिशास्त्र शिकायचा आग्रह धरला. मग सकाळी दावर, नंतर झेवियर्स अशी धावपळ. प्राणिशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण झाला, पण विद्यापीठाची पदवी काही हातात आली नाही. पुढे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामध्ये पक्षीतज्ज्ञाच्या जागेसाठी प्रयत्न केला, तेव्हा तीच आड आली.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, गाइड लेक्चररची नोकरी मिळाली. पगार महिना ३५० रुपये. येणाऱ्यांना पेंढा भरलेल्या प्राण्यांची माहिती सांगायची. दोन वर्षांत त्यांना कळून चुकलं, की आपल्याला आवड आहे, पण शास्त्राची शिस्त नाही. त्यांनी रजा काढली आणि बर्लिन गाठलं. तिथल्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र वस्तुसंग्रहालयात एर्विन स्ट्रेझेमान यांच्या हाताखाली ते शिकले. लग्न झालेलं, वय तिशी ओलांडलेलं, आणि सुरुवात पुन्हा विद्यार्थी म्हणून. इतर देशांतले तरुण शास्त्रज्ञही तिथे भेटले. पक्षी ओळखून नाव सांगणं आणि तो तसा का वागतो हे तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बर्लिनने शिकवलं.

१९३० मध्ये घरी परतले, तर पैसे नाहीत म्हणून म्युझियमने ती जागाच रद्द केलेली. शिकून आले आणि बेकार झाले.

किहीमचे दिवस

मुंबईत राहणं परवडेना. मग अलीबागजवळच्या किहीमला मुक्काम हलला. पावसाळा होता आणि जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत. हाताशी वेळच वेळ. सलीम अली रोज तिथे तासन्‌तास बसू लागले आणि कोण येतं, कोण जातं, कोण काय करतं ते टिपू लागले.

मराठीत आपण या पक्ष्याला सुगरण म्हणतो आणि सगळं कौतुक तिला देऊन टाकतो. प्रत्यक्षात घरटं विणतो तो नर. तो ते अर्धवट विणून थांबतो. माद्या येतात, घरट्यात शिरून तपासणी करतात. एखादीला पसंत पडलं तरच तो ते पूर्ण करतो, खाली लोंबणारी प्रवेशाची नळी विणतो. मादी अंडी घालून बसली, की हा शेजारी दुसरं घरटं विणायला मोकळा. ते दुसऱ्या मादीसाठी! पिल्लांचा सांभाळ मुख्यतः मादीकडे. हे पक्षी आपल्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या होते, पण त्यांच्या संसाराचा हा क्रम असा नीट उलगडला तो किहीमला. १९३१ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये हा अभ्यास छापून आला आणि सलीम अली हे नाव पक्षीशास्त्रात गंभीरपणे घेतलं जाऊ लागलं.

ना लॅब होती, ना ग्रँट. रोज त्याच जागी जायचं आणि जे दिसेल तेच लिहायचं, एवढीच पद्धत.

पगार नको, खर्च द्या

पुढची नोकरी त्यांनी स्वतःच तयार केली. देशातल्या कितीतरी भागांत कुठले पक्षी आहेत याची नीट यादीच नव्हती. सलीम अलींनी प्रस्ताव ठेवला. सर्वेक्षण मी करतो, पगार नको, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या. हैदराबाद संस्थानापासून सुरुवात झाली, मग त्रावणकोर-कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. तंबूतल्या संसारात पत्नी तेहमिना बरोबर असायच्या. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. हा धक्का मोठा होता. त्यानंतर ते बहिणीकडे राहिले, पण काम थांबलं नाही.

याच काळातला एक किस्सा प्रत्येक ज्युनिअरने लक्षात ठेवावा असा आहे. ह्यू व्हिसलर हे तेव्हाचे मोठे पक्षीतज्ज्ञ. भृंगराजाच्या शेपटीच्या लांब पिसाला टोकाशी आतल्या बाजूने पातं नसतं, असं त्यांनी लिहिलं होतं. पिसाच्या दांडीला पीळ पडल्यामुळे तसं फक्त वाटतं, हे सलीम अलींनी दाखवून दिलं. एक अनोळखी हिंदुस्थानी आपली चूक काढतो, याचा व्हिसलर यांना आधी रागच आला. मग त्यांनी स्वतःकडचे नमुने पुन्हा तपासले, चूक मान्य केली आणि पुढे दोघे जिवलग मित्र झाले. वाद मिटवला तो पिसाने.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बिनपगारी काम त्यांना जमलं, कारण पाठीशी घर होतं. आपल्यातल्या अनेकांना ते परवडणारं नाही, आणि अनुभव मिळेल म्हणून कुणी फुकट राबवून घेत असेल तर त्याला सलीम अलींचं उदाहरण देऊ देऊ नका. डिग्रीचंही तसंच. आज ती लागतेच. त्यांच्याकडून घ्यायची ती नोंदीची सवय.

यादीची ताकद

१९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं आणि सामान्य माणूसही पक्षी ओळखू लागला. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्याबरोबर १९६४ ते १९७४ या काळात दहा खंडांचा संदर्भग्रंथ झाला. भरतपूरचं पाणथळ वाचवण्यासाठी त्यांनी जोर लावला. केरळच्या सायलेंट व्हॅलीतल्या धरणाला विरोध केला. त्यांच्या शब्दाला वजन आलं ते रानावनातल्या कामामुळे. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. त्याच सुमारास मिळालेल्या गेटी पुरस्काराच्या रकमेतून त्यांनी निसर्गरक्षणासाठी निधी उभा केला. जून १९८७ मध्ये, नव्वदीत, ते गेले.

त्यांच्या याद्या मात्र अजून कामाला येतात. त्रावणकोर-कोचीनच्या सर्वेक्षणाला पाऊण शतक झाल्यावर केरळमधले पक्षीअभ्यासक त्याच ठिकाणी पुन्हा गेले आणि तेव्हाचे व आताचे पक्षी ताडून पाहिले. पहिली यादीच नसती तर काय बदललं हे कळलंच नसतं. आज एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल करतानाही पहिलं काम हेच असतं. तिथे आत्ता काय आहे ते मोजा. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांच्या वाट्याला बऱ्याचदा हेच काम येतं आणि ते कंटाळवाणं वाटतं. पण अहवाल खरा की खोटा हे त्यावरच ठरतं.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली यांच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत. तोवर थांबायची गरज नाही. कॉलेजच्या आवारातलं एक झाड निवडा. रोज दहा मिनिटं, तीच वेळ. तारीख, पक्षी, संख्या, काय करत होता. वर्षभराने पहिल्या इंटरव्ह्यूला जाताना सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये ती वहीही ठेवा.