खोल पाण्यातला जोडीदार

२७ ऑगस्ट १९४६. दक्षिण फ्रान्समधल्या व्होक्ल्यूज इथे, उंच कड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका झऱ्यात दोन पाणबुडे उतरले. या झऱ्याला दर वर्षी अचानक पूर येतो. तो कुठून येतो हे कोणालाच उमगले नव्हते आणि तेच त्यांना शोधायचे होते. दोघांचे कमरपट्टे एका दोरीने एकमेकांना बांधलेले होते. दुसरा लांब दोर वर होडीत बसलेल्या सहकाऱ्याच्या हातात होता. दोर तीनदा ओढला तर आणखी सैल सोडायचा आणि सहादा ओढला तर दोघांना वर खेचायचे, असे ठरले होते.

सुमारे ४५ मीटर खोलीवर दोघांचीही डोकी जड झाली. आपण कशासाठी आलो, पुढे काय करायचे, हेही त्यांना नीट आठवेना. एकाच्या तोंडातून हवेची नळी निसटली आणि त्याच्या पोटात पाणी गेले. दुसऱ्याने त्याला धरून दोरावरून वर चढायला सुरुवात केली. पण दोर हलतोय म्हणजे यांना आणखी दोर हवा आहे, असे वरच्या सहकाऱ्याला वाटले. हे वर चढू पाहत होते आणि तो दोर खाली सोडत होता. अखेर त्याच्या मनात शंका आली. त्याने सगळा जोर लावून दोर ओढला आणि दोघे जिवंत वर आले.

दोघांपैकी वर चढू पाहणारे होते जाक-इव्ह कुस्तो. ज्यांची नळी निसटली ते त्यांचे नेहमीचे जोडीदार फ्रेडरिक द्युमा. दोर ओढणारे होते मोरिस फार्ग. पुढे समुद्राखालचे जग घराघरांत पोहोचवणारे म्हणून कुस्तो जगप्रसिद्ध झाले. पण खोल पाण्यात माणसाच्या शरीराचे काय होते, याविषयी आज जे सर्वांना शिकवले जाते, त्यातले बरेचसे कुस्तो आणि त्यांच्या सोबत्यांनी आपल्याच जिवावर प्रयोग करून पाहिले होते.

एका चष्म्याने केलेली सुरुवात

कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समधल्या बोर्दोजवळच्या सेंट-आंद्रे-द-क्युब्झाक या गावी झाला. १९३० मध्ये ते नौदलाच्या प्रशिक्षण संस्थेत दाखल झाले. त्यांना व्हायचे होते वैमानिक, पण मोटारीच्या भीषण अपघातात दोन्ही हात मोडले आणि तो मार्ग बंद झाला. हातात बळ यावे म्हणून ते तुलाँ बंदराजवळच्या समुद्रात पोहू लागले. तिथे १९३६ मध्ये नौदलातले मित्र फिलिप तायिए यांनी त्यांना पाण्यात घालायचा चष्मा दिला. तो लावून पाण्यात डोके घालताच कुस्तो यांना खालचे खडक, गवत आणि मासे स्वच्छ दिसले. लवकरच भाल्याने मासे मारण्यात पटाईत असलेले द्युमा या दोघांना येऊन मिळाले आणि तिघांची जोडगोळी जमली ती कायमची.

श्वास रोखून मारलेली बुडी दोन-अडीच मिनिटांत संपते. कुस्तो यांना खाली रेंगाळायचे होते. १९३९ मध्ये त्यांनी शुद्ध ऑक्सिजनवर चालणारे उपकरण वापरून पाहिले. ऑक्सिजन म्हणजे प्राणवायू, त्याने अपाय कसा होईल, असे कोणालाही वाटेल. पण १४ मीटरच्या आसपास त्यांचे ओठ थरथरू लागले, पाठ धनुष्यासारखी वाकली आणि अंगाला जबर झटके आले. शुद्ध हरपण्यापूर्वी कमरेचे वजन सोडता आले म्हणून ते वर तरंगले आणि बोटीवरच्या खलाशांनी त्यांना उचलून घेतले. उपकरणात सुधारणा करून त्यांनी पुन्हा प्रयोग केला, तर पुन्हा तेच घडले.

याचे कारण पाण्याचा दाब. दर १० मीटर खोलीला शरीरावरचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. दाब वाढला की तोच वायू रक्तात आणि मेंदूत कितीतरी अधिक प्रमाणात पोहोचतो. जास्त दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन मेंदूला विषासारखा ठरतो आणि फिट येते. साधारण ६ मीटरपेक्षा खोल पाण्यात शुद्ध ऑक्सिजन घेऊ नये, असा आजचा नियम आहे.

मोटारीच्या झडपेतून आलेला श्वास

डिसेंबर १९४२ मध्ये कुस्तो पॅरिसमध्ये ‘एअर लिक्विड’ या कंपनीतले अभियंता एमिल गान्यां यांना भेटले. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पेट्रोल मिळत नव्हते. मोटारी गॅसवर चालवाव्या लागत आणि त्यासाठी गान्यां यांनी गॅसचा पुरवठा आपोआप कमीजास्त करणारी झडप तयार केली होती. हीच झडप माणसाला हवा पुरवू शकेल का, यावर दोघे काम करू लागले.

पहिली चाचणी मार्न नदीत झाली. आडवे पोहताना श्वास ठीक चालायचा, पण कुस्तो उभे झाले की हवा फुकट निसटायची आणि डोके खाली केले की श्वास ओढणे जड जायचे. हवा येण्याची आणि उच्छ्वास बाहेर पडण्याची जागा वेगवेगळ्या पातळीवर होती, म्हणजे दोन्हींवर पाण्याचा दाब वेगळा होता. दोन्ही जागा शेजारी आणताच अडचण सुटली. आता पाणबुडा जितक्या खोल जाईल, तितक्याच दाबाची हवा त्याला हवी तेव्हा आपोआप मिळू लागली. आजही प्रत्येक स्कूबा डायव्हरच्या तोंडाशी असलेला रेग्युलेटर याच तत्त्वावर चालतो.

जून १९४३ मध्ये हे उपकरण पाठीवर घेऊन कुस्तो बांदोल इथे समुद्रात उतरले. त्यांच्या पत्नी सिमोन वर पाण्यावर तरंगत मुखवट्यातून त्यांच्याकडे पाहत होत्या आणि काही बिनसले तर उडी घ्यायला द्युमा किनाऱ्यावर तयार होते. पहिल्याच दिवसापासून कुस्तो यांच्यावर कोणाची ना कोणाची नजर होती.

बुडालेली जहाजे आणि खोलीची धुंदी

त्या उन्हाळ्यात तिघांनी शेकडो बुड्या मारल्या. त्यांना सर्वांत जास्त ओढ होती ती बुडालेल्या जहाजांची. मार्सेजवळच्या प्लानिए दीपगृहापाशी १९२८ मध्ये बुडालेले ‘डाल्टन’ हे त्यांचे आवडते जहाज. अशा जहाजात शिरणे म्हणजे अंधाऱ्या, पडक्या वाड्यात शिरण्यासारखे. गंजलेल्या पत्र्यांना धारदार शिंपल्यांची पुटे चढलेली असतात, नळी कुठेही अडकते, तळाचा गाळ ढवळला की बाहेरची वाट दिसत नाही आणि डोक्यावर पोलादी छत असल्याने सरळ वर येता येत नाही. जोडीदाराशिवाय आत जायचे नाही, हा नियम इथे आपोआपच ठरून गेला. या बुड्यांवर कुस्तो यांनी १९४३ मध्ये बुडालेल्या जहाजांचा लघुपटही केला.

ऑक्टोबर १९४३ मध्ये आपण किती खोल जाऊ शकतो हे पाहण्यासाठी द्युमा गाठी मारलेल्या दोराला धरून उतरले. सुमारे ३० मीटरवर कुस्तो त्यांच्यावर नजर ठेवून होते. खाली जाता जाता द्युमा यांना अतिशय प्रसन्न वाटू लागले. भीती पार गेली आणि झोप येऊ लागली. पोहोचल्याची खूण म्हणून त्यांनी आपला पट्टा दोराला बांधला आणि ते वर आले. आपण जेमतेम ३० मीटर गेलो, अशी त्यांची समजूत होती. दोर मोजला तर पट्टा ६० मीटरहून खाली निघाला.

ही होती नायट्रोजनची धुंदी. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. जमिनीवर तो निरुपद्रवी असतो, पण दाबाखाली त्याची दारूसारखी नशा चढते. साधारण ३० मीटरनंतर ती जाणवू लागते आणि खोलीबरोबर वाढत जाते. वर आले की ती उतरते, मागे काही राहत नाही. धोका असतो तो खाली असताना. नशेतल्या माणसाला आपण शुद्धीत आहोत असेच वाटत असते. हवा संपत आल्याचे दिसूनही तो दुर्लक्ष करतो. ज्या मेंदूने धोका ओळखायचा, तोच मेंदू बिघडलेला असतो.

व्होक्ल्यूजच्या झऱ्यात १९४६ मध्ये हेच झाले, पण गुन्हेगार वेगळा होता. त्याच दिवशी तायिए आणि आणखी एक सहकारी खाली गेले आणि त्यांनाही भोवळ आली. नंतर सिलिंडरमध्ये उरलेली हवा तपासली, तेव्हा तिच्यात कार्बन मोनॉक्साइड सापडला. हवा भरण्याच्या यंत्राने स्वतःच्याच इंजिनाचा धूर आत ओढला होता. या वायूला ना रंग, ना वास. ४५ मीटरवर प्रत्येक श्वासात जमिनीवरच्या साडेपाचपट हवा जाते, म्हणजे विषही तितकेच पट जाते. चार पाणबुड्यांपैकी एकालाही स्वतःचे काय बिनसले आहे हे खाली कळले नव्हते.

१२० मीटरवरची सही

ज्या फार्ग यांनी दोर ओढून दोघांना वाचवले, त्यांनी १७ सप्टेंबर १९४७ रोजी खोलीची मर्यादा पाहण्यासाठी बुडी घेतली. दोराला ठरावीक अंतरावर पाट्या बांधल्या होत्या. पोहोचलेल्या पाटीवर सही करून वर यायचे आणि सगळे ठीक असल्याची खूण म्हणून मधूनमधून दोराला हिसका द्यायचा, असे ठरले होते. काही वेळाने हिसके थांबले. वरच्यांनी दोर ओढला. मदतीला उतरलेल्या सहकाऱ्याला फार्ग भेटले ते बेशुद्ध अवस्थेत, तोंडातून नळी सुटलेली. त्यांना शुद्धीवर आणण्यासाठी सोबत्यांनी तासन्‌तास प्रयत्न केले, पण ते गेले. १२० मीटरवरच्या पाटीवर त्यांची सही होती. या उपकरणासह जीव गमावणारे ते पहिले पाणबुडे ठरले. साधी हवा घेऊन इतक्या खोल जायचे नाही, हा धडा कुस्तो यांच्या गटाला आपला माणूस गमावून मिळाला.

पुढच्या कामात शिस्त दिसू लागली. १९४८ मध्ये ट्युनिशियातल्या महदिया बंदराजवळ सुमारे ४० मीटर खोल बुडालेल्या रोमन जहाजावर त्यांनी काम केले. संगमरवरी खांबांनी भरलेले हे जहाज दोन हजार वर्षे तळाशी होते. तिथे पाणबुडे जोडीजोडीने आणि घड्याळ लावून उतरत. वेळ संपली की वरून पाण्यात बंदुकीची गोळी झाडून इशारा दिला जाई.

मिनिटे मोजण्याचे कारण होते ‘बेंड्स’ हा आजार. खोल पाण्यात नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळत राहतो. हळूहळू वर आले तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईने वर आले तर सोड्याची बाटली फोडल्यावर फसफसते तसे त्याचे बुडबुडे शरीरात होतात. सांधे दुखतात, अंगाला मुंग्या येतात आणि बुडबुडे मज्जारज्जूपर्यंत पोहोचले तर लकवाही होऊ शकतो. उपचार म्हणजे रुग्णाला दाबकक्षात ठेवून ऑक्सिजन देणे.

१९५० मध्ये कुस्तो यांना ‘कॅलिप्सो’ ही जुनी सुरुंगशोधक बोट वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्याने मिळाली आणि पुढची चार दशके तीच त्यांचे घर झाली. ‘द सायलेंट वर्ल्ड’ हे पुस्तक त्यांनी द्युमा यांच्या साथीने लिहिले. त्याच नावाच्या चित्रपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यात सुरुंग लावून मासे मारल्याची दृश्ये आहेत, जी आज पाहवत नाहीत. पुढे कुस्तो यांची नजर बदलली. १९६० मध्ये भूमध्य समुद्रात अणुकचरा टाकण्याच्या बेताविरुद्ध ते उभे राहिले आणि उरलेले आयुष्य समुद्र वाचवण्यासाठी बोलत राहिले.

१९७५ मध्ये ग्रीसच्या केआ बेटाजवळ त्यांनी ‘ब्रिटॅनिक’चा शोध लावला. टायटॅनिकच्या जोडीचे हे जहाज पहिल्या महायुद्धात इस्पितळ म्हणून वापरले जात होते आणि १९१६ मध्ये ते बुडाले. ते सुमारे १२० मीटरवर आहे, म्हणजे फार्ग यांनी सही केली जवळपास तेवढ्याच खोलीवर. १९७६ मध्ये पासष्टी गाठलेले कुस्तो स्वतः तिथे उतरले आणि सुखरूप परतले. या वेळी सिलिंडरमध्ये साधी हवा नव्हती. नशा न चढवणारा हेलियम तिच्यात मिसळलेला होता. खाली काही मिनिटे घालवण्यासाठी वर येताना काही तास थांबत थांबत यावे लागले.

द्युमा १९९१ मध्ये गेले. २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये कुस्तो यांचे निधन झाले आणि जन्मगावीच त्यांचे दफन झाले.

आपण पाण्यात उतरताना

तारकर्ली-मालवणला किंवा गोव्याला हौसेने स्कूबा करणारे आज अनेक जण आहेत. त्यांच्या तोंडात असतो तो कुस्तो आणि गान्यां यांच्याच रेग्युलेटरचा वारस. पर्यटकांना काही मीटरच नेतात, सोबत प्रशिक्षकही असतो. तरी काही गोष्टी पाळायलाच हव्यात. दमा, हृदयविकार, फिट येणे किंवा कानाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि आजार लपवू नये. सर्दी असताना उतरू नये, कारण कानातला दाब सारखा करता येत नाही. वर येताना श्वास कधीही रोखू नये. १० मीटरवर भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. दारू पिऊन पाण्यात जाऊ नये. एकाहून अधिक बुड्या घेतल्या असतील तर विमान किमान १८ तासांनंतरचे घ्यावे.

उतरण्यापूर्वी जोडीदाराच्या सिलिंडरमधली हवा आणि पट्टे आपण तपासावेत, आपले त्याने. खुणा पाण्याबाहेरच पक्क्या करून घ्याव्यात. अंगठा वर करणे म्हणजे एरवी ‘छान’, पण पाण्याखाली त्याचा अर्थ ‘आता वर चला’ असा होतो. सगळे ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करून दाखवायचा. जोडीदाराने खुणेने विचारले आणि उत्तर आले नाही, तर थांबायचे नाही, त्याच्यापाशी जायचे.