लाफाँतेन : भाषेचा हक्क बजावणारा पुढारी

कॅनडात इंग्रजी व फ्रेंच या दोन राजभाषा आहेत. १९६९ च्या कायद्याचे नाव त्यासाठी घेतले जाते. पण त्याच्या सव्वाशे वर्षे आधी एका सुताराच्या मुलाने या प्रश्नासाठी जे सोसले, ते आपल्याकडे फारसे वाचायला मिळत नाही.

लुई-हिपोलित लाफाँतेन यांचा जन्म १८०७ साली माँट्रियलजवळ बूशरव्हिल येथे झाला. वडील लवकर वारले. १८२८ मध्ये ते वकील झाले, १८३० मध्ये कायदेमंडळात निवडून आले. १८३७ चा सशस्त्र उठाव त्यांना मान्य नव्हता, तरीही पुढच्या वर्षी तुरुंगवास चुकला नाही. खटला न चालवताच त्यांना सोडण्यात आले.

फ्रेंच लोकांना हळूहळू इंग्रज करून टाकावे, असा सल्ला लॉर्ड डरहॅम यांनी १८३९ मध्ये दिला. त्यानुसार १८४० च्या कायद्याने दोन प्रांत एकत्र केले. फ्रेंच प्रांताची लोकसंख्या जास्त, पण जागा दोघांना सारख्याच, ४२-४२! शिवाय कायदेमंडळाचे लेखी दप्तर फक्त इंग्रजीत. बोलण्यावर बंदी नव्हती. पण ज्या भाषेची नोंदच अस्सल नाही, तिच्यात बोलून काय उपयोग, असेच कोणालाही वाटले असते.

१८४१ च्या निवडणुकीत तेरबॉनला विरोधकांनी लाठ्याकाठ्यांनिशी मतदानाची वाट अडवली. रक्तपात नको म्हणून लाफाँतेन यांनी माघार घेतली. तेव्हा रॉबर्ट बाल्डविन या इंग्रजी भाषिक सुधारणावाद्याने त्यांना टोरोंटोजवळच्या यॉर्कमधून उभे केले आणि तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या शेतकऱ्यांनी या फ्रेंच माणसाला निवडून दिले. मला ही घटना सर्वांत मोठी वाटते. १८४३ मध्ये बाल्डविन यांना फ्रेंच रिमूस्कीने निवडून देऊन ती फेड केली. बाल्डविन यांना स्वतःला धड फ्रेंच येत नव्हते, पण मुलांना त्यांनी क्विबेकच्या फ्रेंच शाळांत धाडले.

१३ सप्टेंबर १८४२ रोजी किंग्स्टनच्या सभागृहात लाफाँतेन फ्रेंचमधून बोलू लागले. एका सदस्याने इंग्रजीत बोलण्याची मागणी केली. इंग्रजी येत असते तरी पहिले भाषण मी मातृभाषेतच केले असते, अशा आशयाचे उत्तर देऊन ते पुढे बोलत राहिले. १८४८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने ते कलम रद्द केले. त्याच वर्षी लाफाँतेन व बाल्डविन यांचे मंत्रिमंडळ आले आणि जानेवारी १८४९ मध्ये गव्हर्नर लॉर्ड एल्गिन यांनी आपले भाषण दोन्ही भाषांत वाचले. एप्रिलमध्ये उठावातील नुकसानभरपाईच्या कायद्यावरून खवळलेल्या जमावाने माँट्रियलचे पार्लमेंट जाळले, लाफाँतेन यांचे घरही फोडले.

तिथल्या मूळ रहिवाशांच्या क्री वगैरे भाषांना मात्र या लढ्यातून काहीच मिळाले नाही, हे सांगितलेच पाहिजे.

१८५१ मध्ये त्यांनी राजकारण सोडले. १८५३ मध्ये ते मुख्य न्यायाधीश झाले व १८६४ मध्ये माँट्रियलला वारले. तीन वर्षांनी नव्या कॅनडाची घटना आली. तिच्या १३३ व्या कलमाने केंद्राच्या व क्विबेकच्या कायदेमंडळांत दोन्ही भाषांना जागा दिली, बोलण्यात आणि दप्तरातही.