गणित आणि गीता

लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. त्यांचे वडील गंगाधरपंत हे शिक्षक होते. त्यांना संस्कृताची आवड होती, तसेच त्रिकोणमितीवर त्यांनी पुस्तकही लिहिले होते. त्यामुळे श्लोक आणि आकडेमोड या दोहोंचे बाळकडू टिळकांना रत्नागिरीच्या घरीच मिळाले. १८६६ मध्ये वडिलांची बदली झाली आणि बिऱ्हाड पुण्यास आले.

पुढे डेक्कन कॉलेजात त्यांना केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखे गुरू लाभले. छत्रे यांनी ग्रहांचे स्थान काढण्याची कोष्टके रचली होती. गणिताचा हात आकाशापर्यंत कसा पोहोचतो, हे शिष्याने तेथे प्रत्यक्ष पाहिले. गणित घेऊन टिळक बी. ए.ला पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि १८७९ मध्ये कायद्याचे पदवीधर झाले. एम. ए.ची पदवी मात्र त्यांना मिळाली नाही. त्यावाचून त्यांचे काही अडलेही नाही.

पुढे गीता वाचीत असता एका ठिकाणी त्यांचे मन थबकले. महिन्यांमध्ये आपण मार्गशीर्ष आहोत, असे श्रीकृष्ण का सांगतात? हा मान चैत्रास का नाही? भाविक वाचक असे स्थळ नमस्कार करून ओलांडतो. टिळकांनी त्याचे गणित मांडले. मार्गशीर्षास आग्रहायण, म्हणजे वर्षारंभीचा, असेही म्हणतात. या नावाचे मूळ मृग नक्षत्रात असावे आणि वसंतसंपात त्या नक्षत्रात असताना तेथून वर्ष मोजीत असावेत, असा त्यांनी तर्क केला. संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. त्या हिशेबाने वेदातील काही सूक्तांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षे येतो. हे विवेचन 'ओरायन' या ग्रंथात १८९३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास जर्मनीत याकोबी हे पंडित स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाप्रत आले होते. आजचे बहुतेक संशोधक हा काळ मानीत नाहीत. परंतु प्रश्न विचारण्याची ती रीत आजही शिकण्याजोगी आहे.

१९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली व ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिले. मोठमोठ्या आचार्यांची भाष्ये त्यांनी आदराने वाचली, पण त्यांपैकी कोणाचेही मत आधीच गृहीत धरले नाही. ग्रंथाचा आरंभ काय, शेवट काय, पुनःपुन्हा काय सांगितले आहे, ही मीमांसकांची कसोटी त्यांनी गीतेस लावली. आरंभी अर्जुन शस्त्र खाली ठेवतो. शेवटी तो युद्धास उभा राहतो. तेव्हा मधल्या उपदेशाचे तात्पर्य संन्यास नसून निष्काम कर्म होय, असा निर्णय त्यांनी दिला. कांट, ग्रीन, मिल्ल, स्पेन्सर या पाश्चात्त्य तत्त्वज्ञांची मतेही त्यांनी शेजारी ठेवून तोलली.

१९१४ मध्ये त्यांची सुटका झाली. हस्तलिखित काही काळ सरकारकडेच राहिले. ते परत मिळाल्यावर १९१५ मध्ये ग्रंथ छापला गेला. टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी निवर्तले. वेदांग ज्योतिषावरील त्यांचे लेखन त्यानंतर, १९२५ मध्ये, प्रकाशात आले.