रिकाम्या हाताचे गुरुजी : गिचिन फुनाकोशी

रायपूर असो वा कोल्हापूर, कराटेच्या वर्गात आकडे जपानी भाषेत मोजले जातात : इची, नी, सान. सरावाच्या जागेला दोजो आणि शिक्षकांना सेन्सेई म्हणतात. आपल्या आखाड्यात वस्तादांना जो मान, तोच दोजोत सेन्सेईंना असतो. ही विद्या मूळची ओकिनावा बेटावरची. तिला जपानच्या राजधानीत नेऊन आजचा अर्थ देणारे गिचिन फुनाकोशी हे एक शाळामास्तर होते.

त्यांचा जन्म १८६८ साली ओकिनावातील शुरी येथे झाला. बालपणी ते अत्यंत अशक्त होते. अंको आझातो आणि अंको इतोसु या गुरूंकडे ते रात्री, लोकांच्या नजरेआड शिकत. कारण त्या काळी ही विद्या गुप्तपणे शिकवली जाई. ठरावीक क्रमाने करावयाच्या हालचालींना काता म्हणतात. अवघ्या तीन कातांचा सराव त्यांनी सुमारे दहा वर्षे केला. दिवसा ते शाळेत शिकवीत.

१९२२ साली टोकियोतील एका प्रदर्शनात त्यांनी ही कला सादर केली. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो प्रभावित झाले. फुनाकोशी मग टोकियोतच राहिले. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात झाडलोट व राखणदारी करून ते निर्वाह करीत आणि तेथेच शिकवीत. ज्यूदोतील पट्ट्यांची व दान या श्रेणीची पद्धत त्यांनी कराटेत आणली.

त्यांचा सर्वांत धाडसी निर्णय एका अक्षराविषयीचा होता. कराटे या शब्दातील ‘कारा’ पूर्वी चीनचा निर्देश करणाऱ्या चिन्हाने लिहीत. त्याच उच्चाराचे, ‘रिक्त’ या अर्थाचे चिन्ह त्यांनी स्वीकारले. शस्त्रावाचून असलेला हात आणि स्वार्थापासून मुक्त झालेले मन, असा दुहेरी अर्थ त्यांना अभिप्रेत होता. चीनविषयी प्रतिकूल असलेल्या त्या काळात जपानमध्ये हा बदल रुजला; ओकिनावात मात्र पूर्वजांचा वारसा पुसला जात असल्याची टीका झाली. फुनाकोशींनी ती सोसली. अनेक कातांनाही त्यांनी जपानी नावे दिली : पिनानचे हेआन झाले, नाइहांचीचे तेक्की.

शोतो हे त्यांचे कवितेसाठीचे टोपणनाव. त्याचा अर्थ पाइन वृक्षांतून वाहणाऱ्या वाऱ्याच्या लाटा. शिष्यांनी उभारलेल्या दोजोला म्हणून शोतोकान हे नाव मिळाले. १९४५ साली बाँबहल्ल्यात ती वास्तू नष्ट झाली. त्याच वर्षी कराटेत निपुण असलेला पुत्र क्षयाने गेला. दोन वर्षांनी पत्नीही निवर्तली. तरीही वृद्ध गुरुजी टोकियोला परतले आणि शिकवू लागले. १९५७ साली त्यांचे निधन झाले.

कराटेचा आरंभ आणि शेवट रेई म्हणजे नमस्काराने व्हावा, ही त्यांची शिकवण होती. प्रतिस्पर्ध्याला हरवण्यापेक्षा स्वतःचा स्वभाव घडवणे त्यांना मोलाचे वाटे. म्हणूनच दोजोत पाऊल ठेवणारा नवा विद्यार्थी प्रहार शिकण्याआधी वाकून वंदन करायला शिकतो.