एमिल बोदो

जुन्या संगणकाच्या सीरियल पोर्टची गती ज्या ‘बॉड’ मापाने मोजितात, ते एमिल बोदो यांच्या नावावरून पडले, हे आमच्या पुण्यातील थोड्याच विद्यार्थ्यांस ठाऊक असेल.

१८४५ साली फ्रान्समध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या बोदोंचे शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेच झाले. १८६९ साली ते तारखात्यात शिरले. १८७४ साली त्यांनी आपल्या तारयंत्राचे पेटंट घेतले; त्यासाठी पाच खुणांची अक्षरलिपीही त्यांनी योजिली. एकाच तारेवरून अनेकांचे संदेश आळीपाळीने जात. ठोका चुकला की अक्षर बिघडे. १९०३ साली ते निवर्तले.

जुन्या संगणकांतही दोन्ही टोकांची गती जुळली नाही, अथवा पोर्टास न पेलणारी गती ठेविली, तर मजकूर विस्कटतो. तेव्हा दोहोंकडे ९६०० सारखी धीमी, एकच गती ठेवावी. घाईपेक्षा मेळ श्रेष्ठ, हाच बोध आम्ही या चरित्रातून घेतो.